कुकरातला पुदिना

मी एक जुना पुदिना आहे. बूड चेपलेल्या, शिट्टी हरवलेल्या एका कुकरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत माझं घर आहे. दुपारी ऊन कलतं, बाजूच्या खोलीतली घड्याळं आपापल्या तालात टिकटिकतात आणि मी अर्धवट झोपेत डुलत असतो.

मित्रांनो, आक्कांनी मला एका ओल्या काडीपासून वाढवलं. बाजूच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात ते त्यांचे धाकटे भाऊ. आक्कांचा माझ्यावर भारी जीव! शेजारणीचं पोट फुगलं, खुडा पानं. कुणाचं नाक चोंदलं, गरम पाण्यात टाका पानं. सरबतात मी, तोंडाला वास येतो म्हणून चघळायलाही मीच. "आमच्या खिडकीतच दवाखाना आहे," असं त्या येईल त्याला सांगायच्या. ऐकून ऐकून मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

मग घड्याळजींच्या छातीत जळजळ सुरू झाली. आक्का त्यांना रोज पेला भरून माझ्या पानांचं पाणी देऊ लागल्या. जळजळ वाढली, तसा पेलाही मोठा झाला. घड्याळजी ताटावरून अर्धपोटी उठायचे. वाकलं की आग घशाशी यायची, आणि त्यांचं काम तर सगळं वाकूनच करायचं. बाजूची टिकटिक हळूहळू कमी झाली. मला फार भीती वाटायची, पण पानांना कुठे बोलता येतं?

एका दुपारी माझ्या मुळांशी काहीतरी गार झिरपलं. गुंगीतच मी ते प्यालो. चव ओळखीची वाटली आणि मी दचकलो. अरे, हा तर मीच! घड्याळजी आपला पेला गुपचूप कुकरात ओतत होते.

"काय चाललंय रे हे?" दारात आक्का उभ्या होत्या.

"आक्का, यानं जास्तच जळतं गं."

"मग इतके दिवस मुकाट्यानं प्यायलास?"

"तू एवढ्या मायेनं द्यायचीस. तुझं मन मोडवेना."

"माझं मन गेलं चुलीत! चप्पल घाल, डॉक्टरांकडे चल आधी."

पुदिना चांगला, पण काहींची जळजळ त्याने वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध सुरू झालं, पेला बंद झाला. रागावलेल्या आक्कांनी माझंही पाणी तोडलं. माझी पानं काळवंडली, माती भेगाळली. बाजूला एकेक घड्याळ पुन्हा चालू होत होतं आणि ते ऐकत मी पेंगत पडलो होतो.

एका सकाळी घड्याळजी तांब्याभर पाणी घेऊन आले.

"आक्का, चुकलो आपण दोघं. यानं बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

आक्का जवळ आल्या. मला उरलेलं एक हिरवं पान त्यांनी बोटांत चुरडलं, डोळे मिटून हुंगलं. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "आज कसं वाटतंय रे तुला?"

मित्रांनो, मला पाणी घाला आणि खुशाल खुडा. फक्त ज्याच्यासाठी खुडाल, त्याला आधी एवढं विचारा. आणि कुणी मायेने दिलेला पेला सोसत नसेल, तर तो माझ्या मुळांशी ओतू नका. देणाऱ्याला सांगा.