केसरबयच्या ओटीवरची पानपेटी

मला हलक्यात घेऊ नका. मी पितळेची पानपेटी आहे, पेणच्या एका तांबटानं हातानं ठोकलेली. साठ वर्षं केसरबयच्या घरात आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर चार पोचे आहेत, आणि चारही मी मानानं मिरवते.

केसरबय अलिबागकडच्या मिठागरवाल्या घरातली. दुसरीपर्यंत शिकली, पण लग्नात धवले गाणारी अशी धवलारीण की तिच्याशिवाय आसपास कोणाला हळद लागत नसे. प्रत्येक मांडवात मी तिच्या मांडीशी. आमची रीत अशी, की ओटीवर आलेल्यापुढे आधी पेटी सरकवायची. तो कोण, कशाला आला, हे पान खाऊन झाल्यावर. त्याच्यासमोर पेटी मिटली म्हणजे त्याला ऊठ म्हटलं.

मग पानातल्या तंबाखूनं बयच्या गालात आतून चट्टा आला. तंबाखू सोड म्हणणारे गावभर होते. बॅटरी लावून तोंडात बघणारी एकटी मृणाल. ती आरोग्याच्या एका संस्थेत काम करते. तिनं बोल लावला नाही, दर महिन्याला येऊन बघत राहिली. वर्षानं बयनं तंबाखू सोडली आणि मी फळीवर गेले. कितीक लग्नसराया गाजवलेली मी, माझ्यात कोणी सुईदोरा ठेवला. तो अपमान मी विसरलेली नाही.

गेल्या वर्षी एका सोमवारी दुपारी बयचा नातू मितेश ओटीवर येऊन बसला. तीस वर्षांचा गडी, ट्रकचा धंदा करतो.

"जेवलास?"

"नको."

"मंग तोंड कशाला पाडलंस?"

"बय, मना पोरी नाय आवडत, तुना ठाव हाय."

"ते जुनं झालं. नवीन सांग."

नवीन असं होतं. शनिवारी संध्याकाळी एका बंगल्यावर पार्टी, सगळे पुरुष. पावडर ओढली, गोळ्या घेतल्या. त्या तारेत निरोध वापरायचा राहिला, आणि कोणाबरोबर काय झालं तेही धड आठवेना. त्यानं मृणालला फोन केला होता. ती म्हणाली, एचआयव्हीची लागण टाळायचं औषध आहे, पण बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

"मंग हितं काय करतंस?"

"दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर आपल्या गावचा मानूस हाय. गावभर व्हईल."

"व्हऊ दे. गावाची मना सवय हाय."

बयनं मला फळीवरून काढलं, सुईदोरा फेकला, चार पानं घातली आणि मला काखोटीला मारलं. परक्या दारात ती माझ्याशिवाय जात नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून, रक्त घेऊन औषध लिहून दिलं. खिडकीवरच्या माणसानं नशेची नोंद असलेला कागद वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नशा करताना लाज नाय वाटली?"

त्याचा एक गाल फुगलेला होता. बयनं मला खिडकीत ठेवलं आणि उघडलं. "घे, पान घे. तुझ्या गालात काय हाय ते मी इचारत नाय. तू याला इचारू नको. घड्याल बघ नि गोली दे."

रांगेतले हसले. त्यानं खाली मान घालून औषध दिलं. पहिली गोळी मितेशनं तिथेच गिळली. पुढे अठ्ठावीस दिवस बय रोजची गोळी माझ्या झाकणावर ठेवायची. मळमळ व्हायची त्याला, तरी एक दिवस चुकला नाही. तीन महिन्यांनी तपासणी झाली. लागण नव्हती.

आता मी परत ओटीवर आहे. पानाच्या जागी निरोध, सुपारीच्या जागी वंगणाच्या जेलच्या पुड्या. झाकणात मृणालच्या हातचा कागद आहे, बय तो अक्षर अक्षर लावून वाचते: ओढायची नळी दुसऱ्याची वापरू नका, पाणी प्या, एकट्यानं नशा करू नका, दर तीन महिन्यांनी तपासणी करा. मितेशचे मित्र मुंबईहून येतात, ते आधी इथे चढतात, मग बंगल्यावर जातात. मितेशनं पावडर सोडली का? कमी केली. मी खोटं सांगणार नाही. सोडेल तेव्हा सोडेल, तोवर धड राहिला पाहिजे.

शेजारची गोदू नाक मुरडत आली. "केसर, ओटीवर हे कसलं गं?"

"हलदीला तुझ्या नवऱ्यावर काय काय चावट गायले, ते आठवतंय? तवा टाल्या वाजवत होतीस."

गोदू चिडून गेली. महिन्याभरानं परत आली, पदर सावरत, पायरीवरच थांबली. "आमचा राहुल पन त्याच बंगल्यावर जातो गं. त्या मृणालचा नंबर दे."

बयनं टोमणा मारला नाही. मी तिला साठ वर्षं ओळखते, तिला ते किती जड गेलं ते मला माहीत आहे. तिनं नंबर दिला, आणि गोदूनं स्वतःच्या हातानं दोन पुड्या उचलल्या.

मित्रांनो, आपल्या माणसाला आधी सांभाळा, शहाणपण मागाहून सांगा. आणि ज्याला माझी लाज वाटते, त्यानं दुसऱ्या ओटीवर बसावं. इथे तशीही जागा कमी पडते.