शेवटच्या ओळीतला टी

मी टी बोलतोय. गणितातलं एक बदली अक्षर. साइन आणि कॉसचे घात एकमेकांत अडकले, इंटिग्रेशन पुढे सरकेना, की मला बोलावतात. काम झालं की हाकलतात आणि माझ्या जागी मूळचं पद परत बसवतात.

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला ताक मॅडमच्या क्लासमध्ये मी रोज जन्माला येतो. "साइनचा वर्ग गुणिले कॉसचा घन. घाबरता काय!" मॅडम फळ्याशी उभ्या राहून ओरडतात. "एक कॉस बाजूला काढा. उरलेला कॉसवर्ग म्हणजे एक वजा साइनवर्ग. आता साइनला म्हणा टी. बाजूचा कॉस डीटीत गेला!"

उरतो टीचा वर्ग वजा टीचा चौथा घात. अगदी सोपं. मी लगेच छाती फुगवतो. खरं काम त्या बाजूला काढलेल्या कॉसचं असतं. दोन्ही घात सम असले की माझं काहीच चालत नाही, तेव्हा मला कोणी दारातसुद्धा उभं करत नाही.

क्लासमधली बांग सोयुल दुसऱ्यांदा प्रवेशपरीक्षेला बसणार होती. घरून बजावलं होतं, तिसऱ्यांदा नाही. इथल्या मोठ्या परीक्षेत उत्तर म्हणजे नुसता आकडा. माझ्याबरोबर इंटिग्रेशनच्या वरखालच्या सीमाही बदलल्या की आकडा हाती येतो, मला परत पाठवावंच लागत नाही. पोरांना तीच सवय. पण सोयुलला हव्या त्या विद्यापीठाचा पेपर लेखी होता, तिथे ओळ न् ओळ तपासतात.

"सोयुल, हा टी अजून इथंच?"

"मॅडम, उत्तर तर आलं ना!"

"प्रश्न एक्समध्ये, उत्तर टीमध्ये. हे कसलं उत्तर?"

"राहू द्या मॅडम," मागून तोंगहा म्हणाला, "जीव जडलाय तिचा त्याच्यावर."

"तू गप रे! तू तर शेवटचा स्थिरांक, अधिक सीसुद्धा लिहीत नाहीस."

मी मात्र खूश. शेवटच्या ओळीत जागा, आणखी काय हवं?

लेखी पेपरात नेमकं तसंच गणित आलं. टीचा घन भागिले तीन, वजा टीचा पाचवा घात भागिले पाच, अधिक सी. सोयुलनं पेन खाली ठेवलं. मी ऐटीत बसलो. मग माझी नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली. सुटले एकदाची, असा चेहरा. माझी ऐट तिथंच उतरली. पोरी, काढ मला, अख्खं वर्ष बुडवीन मी तुझं! पण अक्षराला कुठला आवाज?

तिनं प्रश्नावरून पुन्हा बोट फिरवलं. एक्सवर थांबलं.

"आई गं!" ती पुटपुटली.

तिथे खोडरबर चालत नाही. तिनं माझ्यावर दोन रेघा ओढल्या, वर साइन एक्स लिहिलं. पुढच्या टीचंही तेच.

मी अजून त्या रेघांखाली आहे. तुमच्याकडे आलो तर राबवून घ्या, पण मुक्कामाला ठेवू नका. मी स्वतःहून उठणाऱ्यातला नाही.