सर्व्हरवर न वाजलेली बेल

ताई ऑफिसात डबा उघडत होती, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"बाबांचं सलाईन संपलं होतं, ताई. नळीत रक्त उलटं चढलं, तरी तुझं मशीन ढिम्म! नर्सबाईंचं लक्ष गेलं म्हणून निभावलं."

सलाईन संपत आलं की बेल वाजवायची, एवढंच त्या मशीनचं काम. त्याचा प्रोग्रॅम ताईनेच लिहिलेला.

डबा तसाच ठेवून तिने प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवला. बेल खणखणीत वाजली. मग ऑफिसच्या सर्व्हरवर तयार होऊन हॉस्पिटलात गेलेला तोच प्रोग्रॅम टेबलावरच्या तसल्याच मशीनमध्ये घातला. चिडीचूप.

"लॅपटॉपवर वाजतेय ना?" साहेब म्हणाले. "मग प्रोग्रॅम बरोबर आहे."

"मग लॅपटॉपच टांगू का सलाईनच्या स्टँडला?"

साहेब क्षणभर खरंच विचारात पडले. "किती लागतील?"

ताई हसली नाही. प्रोग्रॅम तयार करणाऱ्या कंपायलरला दोन्हीकडे कोणते फ्लॅग, म्हणजे कोणत्या सूचना, दिल्यात ते तिने शेजारीशेजारी लावून पाहिलं. सर्व्हरवर एक जास्त होता: तपासणीच्या ओळी गाळा, प्रोग्रॅम हलका करा. त्या ओळी लिहिणाऱ्याला स्वतःची चूक कळावी म्हणून असतात. गाळल्या तरी काही अडू नये.

इथे अडलं होतं. 'बेल वाजव आणि वाजली का बघ' असं दोन्ही एकाच तपासणीच्या ओळीत कोंबलेलं. ओळ गेली, बेलही गेली. असं कधीही करू नका, हे ऑफिसात नव्या माणसांना शिकवायचं काम ताईकडे होतं. त्या ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव तिचंच होतं.

"उद्या गुपचूप प्रोग्रॅमचं नवीन बिल्ड पाठवू," साहेब म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर नर्सबाई आहेतच की!"

ताईने भावाला फोन लावला. "अरे, तिथे वॉर्डात अशी मशीन किती आहेत?"

"बारा."

"एकही वाजणार नाही. चूक माझी आहे. सगळ्यांना सांग."

मागून बाबांचा खोल गेलेला आवाज आला. "तो काय सांगणार, डोंबल! स्पीकर लाव. तिलाच बोलू दे."

साहेब दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होते. ताई उभी राहिली.

"मी या मशीनचा प्रोग्रॅम लिहिलाय," ती म्हणाली. "माझ्या चुकीमुळे बेल वाजत नाहीये. कृपा करून बाटलीवर स्वतः लक्ष ठेवा."

पलीकडे एक खुर्ची खाटेजवळ सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. ताई मोजत राहिली.