फॉर्मवरचा नंबर

रेणुका भाकरी थापत होती, पण लक्ष सगळं भिंतीवरच्या घड्याळात. साडेतीन वाजले होते. पाचच्या आत नर्सिंग कॉलेजातली जागा पक्की केली नाही, तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. तव्यावरची भाकरी करपली तशी आई, कोकिळा, ओरडली, "अवं, ध्यान कुठी हाय तुयं?"

ध्यान होतं गोविंदाच्या नेट सेंटरवर. आपल्या पोरीच्या हाती मोबाईल नाही, याचा तिच्या बापाला, रामरावांना, भारी अभिमान. गावातल्या बापांनी तसं ठरवूनच टाकलेलं; पोरी बिघडतात म्हणे! पोरांना मात्र मिसरूड फुटायच्या आधी मोबाईल. फॉर्म भरताना गोविंदानं नंबर मागितला, तेव्हा रामराव म्हणाले होते, "माया डबड्या मोबाईलातलं मले काय समजते? तुयाच टाक, बाबू."

आता जागा पक्की करायचा ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. सकाळी ती गेली, तर म्हणे सर्व्हर बंद. दुपारी गेली, तर त्यानं गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि हळूच म्हणाला, "साडेचारले ये. एकटीच ये. मागच्या खोलीत बसून करू."

सांगावं तर बाप शिक्षणच बंद करणार, न सांगावं तर जागा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. पोरीनं करावं तरी काय?

"माय, मी एकटी नाही जात तिथं," ती कशीबशी म्हणाली आणि रडू लागली. कोकिळेला निम्मं शब्दांवरून कळलं, निम्मं चेहऱ्यावरून. ती तशीच बाहेर ओट्यावर गेली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

रामराव भडकले. "म्हनूनच म्हनत होतो! शिकनं-बिकनं बंद! काऊन गेली थे तिथं?"

वीस वर्षांत कोकिळा नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. आज बोलली.

"तिनं काय केलं हो? मोबाईल देला तर पोरगी बिघडन म्हनता, अन् तिचं सारं शिक्षन परक्या मानसाच्या हाती देलं, तवा नाही भेव वाटलं? मी जातो तिच्यासंग. तुमाले याचं तर या."

रामरावांनी चपला घातल्या.

तिघांना दारात पाहून गोविंदाचं तोंड उतरलं. "काकू, तुमी काऊन तरास घेतला?" म्हणत त्यानं ओटीपी टाकला. पाचला दहा मिनिटं कमी असताना जागा पक्की झाली.

कोकिळा हलली नाही. "अजून किती पोरीयच्या फॉर्मवर तुया नंबर हाय?"

"गावातल्या सगळ्यायच्याच," गोविंदा खाली पाहून पुटपुटला. "त्यायच्या बापायनंच सांगतलं होतं."

रेणुकाला शेजारची पुष्पांजली आठवली आणि अंगावर सर्रकन काटा आला. मागच्या साली तिलाही नर्सिंगला जागा मिळाली होती. ऐन वेळी तिनं कॉलेज नको म्हटलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. पोरगी आळशी, असं म्हणून गाव मोकळं झालं.

"माय, पुष्पांजली..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कोकिळेनं नवऱ्याकडं पाहिलं. "चला तिच्या घरी. तिच्या बापाले तुमीच सांगा."

रामरावांना मान वर करता येईना. पण ते निघाले.