कोऱ्या कार्डावरची सही

ट्वायला बॉस्टचं पत्र मागच्या एप्रिलमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणं हे एकच काम मला बरं जमायचं. तरी हे राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

ट्वायला लहानपणी शाळा सुटली की वाचनालयात येऊन बसायची. आता ती हायवेलगतच्या वृद्धाश्रमात मदतनीस आहे. तिने लिहिलं होतं : "सर, आमच्या मजल्यावर अठ्ठेचाळीस माणसं आणि आम्ही दोघी. ज्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, त्यांच्यापर्यंत पोचायला पाच तास जातात. मिस क्रमलींच्या पाठीला जखम झाली आहे. तुमच्या क्लबाकडे आमच्या कंपनीचे शेअर आहेत असं त्या सांगतात. भागधारकांच्या सभेत यंदा एक ठराव आहे, प्रत्येक मजल्यावर कमीत कमी किती माणसं हवीत याचा. तुम्हाला मतदानाचं कार्ड येईल. त्यावर 'होय' करा. एवढंच मागते."

ते कार्ड मी चार दिवसांपूर्वीच सही करून टपालपेटीत टाकलं होतं. कोरं.

आमचा गुंतवणूक क्लब अकरा जणांचा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात भरतो. तो सुरू केला व्हेस्टा क्रमलीने, म्हणजे पत्रातल्या मिस क्रमलींनी, जिने अर्ध्या गावाला गणित शिकवलं. मी सेक्रेटरी. वसंतात कंपन्यांची कार्डं येतात आणि एकोणीस वर्षं मी एकही चौकट न भरता त्यांच्यावर सही करत आलो. सगळे तसंच करतात. पत्र आल्यावर मी कार्डासोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की सही आहे पण खूण नाही, असं कार्ड संचालकांच्या शिफारशीप्रमाणे मोजलं जाईल. वृद्धाश्रम चालवणाऱ्या लार्कमेड केअर कंपनीच्या संचालकांची शिफारस होती 'नाही'. सभेपर्यंत मत बदलायची सोय होती. मी बदललं नाही. ट्वायलाला लिहिलेलं पाकीट मी एकदा पोस्टापर्यंत नेलं आणि खिशात परत घातलं; तिला काय सांगायचं, या लाजेत सभेची तारीख उलटून गेली.

व्हेस्टाला मी भेटायचो ते वृद्धाश्रमाच्या खालच्या दिवाणखान्यात. तिथे पियानो आहे, ताजी फुलं असतात. या मार्चमध्ये कुणी तिला खाली आणलंच नाही, म्हणून मी वर गेलो.

वर लघवीचा वास होता आणि त्याच्यावर लिंबाच्या फवाऱ्याचा. सहा दारांवर घंटीचे दिवे लागलेले. व्हेस्टा ओल्या चादरीवर पडली होती.

"अ‍ॅल्विन, किती वाजले?"

"तीन."

"मग दीड तास झाला. मी घंटी दाबते ती आता सवय म्हणून." तिने माझ्याकडे मान वळवली. "तू सेक्रेटरी ना रे? मला सांग, मी या जागेची मालकीण आहे की नाही?"

"आहेस. थोडीशी."

"मग माझी चादर का बदलत नाहीत?"

तेवढ्यात ट्वायला आली, मला बघून मान हलवली आणि कामाला लागली. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने व्हेस्टाला वळवलं तेव्हा जखम दिसली. त्यात माझी मूठ मावली असती आणि तळाशी पांढरं काही होतं. मी बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात ओकलो. मला किळस आली ती जखमेची, असं वाटलं. गाडीत बसल्यावर कळलं, ती दुसऱ्याच कशाची होती. दर तिमाहीला येणाऱ्या लाभांशातून आम्ही नाताळचं जेवण करायचो. त्या जेवणातल्या टर्कीच्या मांसाची चव तोंडात होती.

एप्रिलच्या मंगळवारी मी हे सगळं क्लबात सांगितलं. बियाण्यांचा जुना व्यापारी मर्ल हॅव्हरकँप केकचा तुकडा तोडत म्हणाला, "जेवताना नको रे."

"जेवतानाच," मी म्हणालो.

"आपले शेअर एकशेचाळीस, बाबा. त्यांचे कोटींनी. तू खूण केलीस काय, न केलीस काय, हत्तीच्या पाठीवर माशी."

आमची अध्यक्ष ऑर्फा स्टकी हिला भांडण नको असतं. तिने बँकेतून आणलेलं पत्रक पुढे सरकवलं. "हे विकून टाकू. हा बघ, सदसद्विवेक फंड. दारू नाही, बंदुका नाहीत. फी जरा जास्त आहे, पण झोप लागेल."

मी यादी वाचली. सातवं नाव लार्कमेड केअरचं.

"हे कसं?" ऑर्फाने चष्मा लावला. खाली निवडीचं कारण लिहिलं होतं : सर्व इमारतींच्या छपरांवर सौरऊर्जा.

"बघा," मर्ल म्हणाला, "म्हातारी खाली सडतेय, वर ऊन विकतायत." तो हसला. मग त्याचं हसू आपोआप गेलं, कारण दुसरं कुणीच हसलं नाही. त्यालाही व्हेस्टानेच भागाकार शिकवला होता.

"विकू नये," मी म्हणालो. "विकले तर घेणाराही कोरंच कार्ड पाठवेल. तोच ठराव यंदा पुन्हा आहे. मी 'होय' करणार. कोऱ्यावर सही मी यापुढे करणार नाही. हवं तर दुसरा सेक्रेटरी बघा."

"कर बाबा," ऑर्फा शेवटी म्हणाली. "पण मागच्या वर्षी का नाही सांगितलंस?"

मी माझं म्हणणं मताला टाकलं. सात हात वर आले. मर्लचा आला नाही. सभा संपल्यावर त्याने फक्त व्हेस्टाचा खोली क्रमांक विचारला.

सामान्य माणसाच्या चार शेअरांनी जग सुधारतं का, मला ठाऊक नाही. ठराव बहुतेक यंदाही पडेल. पण कोरं कार्डही मतच असतं आणि ते कुणाच्या तरी पाठीवर मोजलं जातं, एवढं मी बघून आलो आहे.

दुसऱ्या सकाळी मी चौकटीत खूण करून कार्ड पाठवलं. मग जखमेचं जे पाहिलं, ते तारीख, वेळ आणि खोली क्रमांकासह राज्याच्या तपासणी खात्याला लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं, आणि ट्वायलासाठी वेगळा कागद घेतला.

"प्रिय ट्वायला, गेल्या वर्षी तुझ्या ठरावाविरुद्ध पडलेल्या मतांपैकी एकशेचाळीस माझ्या हातची होती. मी न वाचता सही केली आणि कळल्यावर गप्प बसलो. तक्रारीची प्रत सोबत आहे. ती माझ्या नावाने आहे. तुझं नाव त्यात कुठेही नाही. कुणी साक्ष मागितली तर मी येईन."

पाकिटावर तिकीट लावलं, पोस्टात गेलो आणि या वेळी ते खिशात परत घातलं नाही.