काढा शेकोटीनंतर

तापाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि अनुश्रीनं ती ओळ पुन्हा वाचली.

'विष लगा. आराम किया. विष गया. काढ़ा भी गया.'

अक्षर गोदूचं. नऊ वर्षांच्या तिच्या लेकीचं.

वही खरं तर अनुश्रीची. गोदूला नुसती शिंक आली तरी ती वेळ लिहून ठेवायची: सिरप किती वाजता दिलं, ताप किती उतरला, झोप कधी लागली. आज पडद्यांची मापं लिहायला म्हणून वही काढली होती. दुपारी पंडरीच्या कापडबाजारात जायचं होतं.

"गोदू! हे काय लिहून राहिली तू? कोणाले विष लागलं?"

"गेम का है, मम्मा," गोदूनं मोबाईलवरची नजरही हलवली नाही. हिंदी मुलखातल्या या तात्यापाऱ्यात राहायला आल्याला दोन वर्षं झाली होती. पोट्टीला मराठी सगळी समजायची, तोंडातून मात्र हिंदीच निघायची.

अनुश्रीनं श्वास सोडला आणि खालची ओळ वाचली, मग तिच्या खालची. अकरा ओळी होत्या. प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, आणि समासाची रेघ पट्टीनं मारलेली. थेट तिच्यासारखी.

गेम तिला माहीत होता. दर रविवारी अकरा वाजता गोदू नागपूरच्या मावसभावांबरोबर खेळायची. कॉलेजातला संघर्ष कप्तान, दहावीतला स्वानंद त्याच्या मागे. आधी विषारी दलदल, मग विसाव्याची शेकोटी, मग राक्षस. राक्षसापाशी तिघं दर वेळी मरायचे. मागच्या रविवारी संघर्ष म्हणाला होता, "पुढच्या वेळी हरलो तर गोदूच्या जागी माझा दोस्त घेऊ." अनुश्रीनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. गोदू खदखदून हसायची ती आठवड्यातून एकदाच, या दोघांबरोबर. म्हणून तर अनुश्रीनं मोबाईल अजून काढून घेतला नव्हता.

"हे काढा गेला म्हणजे काय?"

आता गोदूनं मान वर केली. "एक ही बार मिलता है, मम्मा. पीने से ताक़त डबल. भैया गेट पर ही पिला देते हैं, कि दलदल का ज़हर कम लगे. फिर आग के पास बैठते हैं. ज़हर चला जाता है, जान भर जाती है. पर काढ़ा भी चला जाता है! भैया को लगता है उसका टाइम खत्म हुआ. मैंने गिना है. नहीं बैठो तो बीस मिनट चलता है. आग सब धो देती है, बुरा भी, अच्छा भी."

"मग सांग ना त्याले."

"हँसते हैं."

अकरा वाजले. गोदूनं तरी सांगून पाहिलं: आज काढा शेकोटीवरून उठल्यावर प्यायचा.

"ए पोट्टी, काढा न पिता दलदलीत?" मोबाईलमधून संघर्ष ओरडला. "आग येईपर्यंतच मरशील ना!"

गोदूनं मान खाली घातली. एरवी अनुश्री अशा वेळी म्हणाली असती, जाऊ दे, बंद कर. आज ती मोबाईलकडे वाकली.

"संघर्ष, मी मावशी बोलते. पोरीनं अकरा वेळा मोजलं. तू किती वेळा मोजलं?"

पलीकडे स्वानंदचं हसू फुटलं. "भैया, मावशीनं पकडलं ना तुले!"

"बरं," संघर्ष म्हणाला. "पण हरलो तर?"

"हरलो तर मी निघून जाईन," गोदू म्हणाली. मराठीत.

दलदलीत तिघांचा जीव दाखवणाऱ्या रेघा झरझर खाली आल्या. गोदूची पावभर उरली, लाल झाली. अनुश्रीचा हात आपसूक लेकीच्या कपाळावर गेला. ताप नव्हता. हात तिनं तिथंच ठेवला.

शेकोटी आली. तिघं बसले. हिरवी विषाची खूण विझली, रेघ हळूहळू चढू लागली.

"झालं ना आता! पिऊ काय?"

"अभी नहीं, भैया. पूरा भरने दो."

संघर्ष कुरकुरला, पण बसून राहिला. रेघ काठोकाठ भरली.

"उठो. अब पियो."

राक्षस पडला तेव्हा घड्याळात अकरा वीस झाले होते, आणि काढा अजून अंगात होता. नागपूरहून असा गलका आला की मोबाईल गोदूच्या हातातून निसटता निसटता राहिला.

"गोदू," संघर्षचा आवाज बसला होता, "पुढच्या रविवारी बी तूच सांगशील, कधी बसायचं अन् कधी उठायचं. समजलं?"

"हव," गोदू म्हणाली, आणि मग खदखदून हसली.

दुपारी पंडरीत अनुश्रीनं मापांसाठी वही काउंटरवर ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं. दुकानदार डोळे बारीक करून वाचू लागला.

"दीदी, ये ज़हर-वहर क्या लिखा है?"

गोदूनं लाजून आईचा पदर ओढला. पण अनुश्रीनं पान मिटलं नाही. उलट वही त्याच्याकडे सरळ फिरवली.

"मेरी बेटी ने लिखा है, भैया. बैठिए, शुरू से बताती हूँ."

पडद्याचं कापड त्यानंतर बऱ्याच वेळानं उलगडलं.