काकूंचे तिखट कान

शंभरात सहा. तीन वर्षं खपून ताईच्या पदरात एवढंच पडलं, आणि हवं होतं पाचाच्या आत.

प्रयोग तसा साधा. साठी ओलांडलेल्या माणसांना आधी रेकॉर्ड केलेले वीस शब्द ऐकवायचे, निम्म्यांना परक्या आवाजात, निम्म्यांना घरच्या माणसाच्या, आणि किती आठवतात ते मोजायचं. घरच्या आवाजातले जास्त लक्षात राहतात, असं ताईचं म्हणणं. राहिलेही होते. पण आवाजाचा काही संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सहा भरली. पाचाची रेघ काही आभाळातून पडलेली नाही, माणसांनीच ओढलेली. पण तिच्या अलीकडे असलात तर शोधनिबंध छापतात, पलीकडे असलात तर कुत्रं विचारत नाही. निबंधाशिवाय पदवी नाही, आणि ताईची मुदतवाढही संपत आलेली.

घोडं अडलं होतं एका माणसापाशी. शिवणकाम करणाऱ्या एक काकू. पोटच्या मुलाच्या आवाजात वीस शब्द ऐकून काकूंना आठवले दोन. त्यांना वगळलं की आकडा चारावर येई. ताईने सहज म्हणून वगळून पाहिलं होतं. सहज म्हणून अकरा वेळा.

वगळायलाही नियम असतो. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांना गाळायचं, असं प्रयोगाआधीच लिहून ठेवलेलं. सगळ्यांचे कान तपासले होते, पण काकूंच्या दिवशी यंत्र बिघडलं आणि त्यांचा रकाना कोरा राहिला.

"जाऊन तपासून ये," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "निघेल ते लिही."

ताई यंत्र घेऊन निघाली. बाईला कमी ऐकू येऊ दे, असं वाटेत दहादा मनात म्हणाली आणि दहाही वेळा तिला स्वतःची लाज वाटली.

काकू दाराकडे पाठ करून शिवत बसल्या होत्या. मशीन धडधडत होतं. ताईने हळू, खरं तर नको इतक्या हळू हाक मारली.

"ये गं," काकू मागे न वळता म्हणाल्या. "धाप लागलीय, आधी पाणी पी. आणि डाव्या चपलेचा अंगठा सुटलाय तुझ्या, फरफटतोय."

यंत्राने वेगळं काही सांगितलं नाही. ताईचा चेहरा असा उतरला की काकूंनी खोदून खोदून विचारलं, आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? मग लिही, म्हातारी बहिरी आहे," काकू म्हणाल्या. "मी कुठे कुणाला सांगायला जातेय?"

ताईला रडूच आलं. इतक्या मायेने तिच्या हातावर खोटं कुणी ठेवलं नव्हतं. पेन कागदाला टेकलंही.

"नको काकू. आज हे लिहिलं, तर पुढे माझ्याच आकड्यांवर माझा विश्वास बसायचा नाही."

तिने लिहिलं, ऐकू उत्तम येतं. सहाचे सहाच राहिले. तरी तिला बरं वाटलं. मग राहवेना म्हणून तिने विचारलं, "पण एवढे तिखट कान असून दोनच शब्द कसे हो आठवले?"

"शब्द कोण ऐकत होतं?" काकू म्हणाल्या. "फोनवर बरा आहे म्हणतो आणि ठेवून देतो. तुझ्याकडे चांगली दोन मिनिटं बोलला. नाक चोंदलेलं होतं त्याचं. मधे दोनदा आवंढा गिळला, घसा दुखत असणार." त्यांनी शिवण बाजूला सारली. "किती दिवस झाले गं त्याला?"

"साडेतीन महिने."

"मग एव्हाना गेली असेल ना सर्दी?"